औषध चुकलें तर दोष कोणाचा?

(नभोवाणीवरील भाषण)



घरांतलें एखादें माणूस रुग्णालयांत दाखल झालें म्हणजे आपण त्याच्याबरोबर आपला विश्वासही तेथें ठेवून येतों. सलाइनच्या बाटलींत काय घातलें आहे, सुईंतून आंत काय जात आहे, आजच्या गोळीचा रंग कालच्याहून निराळा कां, हें सहसा कोणी विचारीत नाहीं. वैद्याला नारायणाच्या जागीं मानणारा आपला समाज. त्याला असले प्रश्न उद्धटपणाचे वाटतात. परंतु औषध देणारे हात माणसांचेच असतात, आणि माणसाच्या हातून चूक होते. ती झाली व रोग्याला इजा पोंचली, तर तिचा जबाब कोणी द्यावयाचा, या प्रश्नाचा विचार आज आपणांस करावयाचा आहे. हा प्रश्न केवळ वकिलांचा किंवा डॉक्टरांचा नव्हे; ज्याच्या घरीं आजारपण येतें त्या प्रत्येकाचा आहे.

प्रथम एक भेद स्पष्ट केला पाहिजे. औषधानें अपाय झाला म्हणजे कोणाची तरी चूक झालीच, असें नाहीं. योग्य रोग्याला योग्य औषध योग्य मात्रेंत दिलें, तरीही तें एखाद्याच्या प्रकृतीस मानवत नाहीं. १९९१ सालीं मुंबईच्या एका रुग्णालयांत मूत्रपिंडाच्या विकारानें आजारी असलेल्या एका गृहस्थाला ॲमिकासिन नांवाचें जंतुनाशक औषध देण्यांत आलें. पुढें त्याची श्रवणशक्ति गेली. कानांस इजा होणें हा या औषधाचा ठाऊक असलेला उपद्रव आहे. राष्ट्रीय ग्राहक आयोगानें डॉक्टरला जबाबदार धरलें. पण २००९ सालीं सर्वोच्च न्यायालयानें तो निर्णय फिरविला. संसर्गामुळें रोग्याच्या जिवालाच धोका होता आणि अशा स्थितींत तें औषध देणें प्राप्त होतें, असें न्यायालयाचें मत पडलें. कान गेले ही हानि खरी. तथापि हानि आणि अपराध या दोन गोष्टी एक नव्हेत. उलट, भलतेंच औषध दिलें, मात्रा दसपट झाली, स्नायूंत टोचावयाचें तें शिरेंत टोचलें, किंवा एकाचें औषध शेजारच्या खाटेवरील दुसऱ्याला गेलें, तर ती चूक होय. योग्य काळजी घेतली असतां ती टळण्यासारखी असते, आणि म्हणूनच तिच्याविषयीं जबाब विचारतां येतो.

ही चूक होते तरी कशी? औषध रोग्याच्या पोटांत जाण्यापूर्वीं पुष्कळ हातांतून जातें. एक जण तें ठरवून लिहितो, दुसरा तें वाचून काढून देतो, तिसरा मोजून भरतो, चौथा पाजतो किंवा टोचतो, आणि त्यानंतर रोग्याकडे लक्ष ठेवणारा पांचवा कोणी असावा लागतो. प्रत्येक हातबदलाच्या ठिकाणीं पाय घसरण्यास जागा आहे.

लिहिण्यापासूनच पाहूं. अर्धा मिलिग्रॅम लिहितांना दशांशचिन्हापूर्वीं शून्य घातलें नाहीं आणि टिंब पुसट उमटलें, तर वाचणाराला तेथें पांच दिसतात. एक मिलिग्रॅम लिहावयाचें असतां टिंब देऊन पुढें एक शून्य वाढविलें, तर एकाचे दहा होतात. म्हणून टिंबापूर्वीं शून्य अवश्य असावें आणि टिंबानंतर निरर्थक शून्य कधींही नसावें, असा नियम सांगितला जातो. शाळेंत दशांश अपूर्णांक शिकवितांना मुलें टिंबाकडे दुर्लक्ष करीत, तेव्हां मीं त्यांचा एक गुण कापीत असें. रुग्णालयांत त्याच टिंबाची किंमत एका जिवाइतकी होऊं शकते.

मोजण्याचें उदाहरण इन्सुलिनचें घ्या. आपल्या देशांत मिळणाऱ्या कांहीं कुप्यांत एका मिलिलिटरांत ४० एककें असतात, तर दुसऱ्या प्रकारांत १००. त्यांच्या सिरिंजाही निरनिराळ्या. चाळिसाच्या सिरिंजेचें टोपण लाल, तर शंभराच्या सिरिंजेचें नारिंगी. शंभराचें इन्सुलिन चाळिसाच्या सिरिंजेनें मोजलें, तर जेथें २० एककें द्यावयाचीं तेथें ५० जातात आणि रोग्याच्या रक्तांतील साखर धोक्याच्या पातळीखालीं उतरते. वेळेच्या चुकीचें उदाहरण मेथोट्रेक्सेटचें. संधिवातावर हें औषध आठवड्यांतून एकदां घ्यावयाचें असतें. तें रोज घेतलें गेलें, तर अस्थिमज्जेंत रक्त तयार होण्याचें कार्य मंदावतें व प्रसंगीं प्राणावर बेततें. येथें औषध बरोबर, रोगी बरोबर, गोळीही बरोबर. चुकला तो केवळ वार.

हा दोष कोणा एका देशाचा नाहीं. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१७ सालीं औषधांपासून होणारी टाळतां येण्याजोगी गंभीर इजा पांच वर्षांत निम्म्यानें कमी करण्याचें ध्येय ठेवून एक जागतिक मोहीम आरंभिली. आपल्याकडेही २०१६ पासून असा नियम आहे कीं, डॉक्टरांनीं औषधाचें मूळ शास्त्रीय नांव सुवाच्य आणि शक्यतों मोठ्या अक्षरांत लिहावें. नियम चांगला आहे. तो कितपत पाळला जातो, हें आपल्या घरांतल्या चिठ्ठ्या काढून ज्यानें त्यानें पाहावें.

कधीं कधीं तर साखळींतील शेवटचा हात पूर्णपणें निर्दोष असतो. १९८६ सालीं मुंबईच्या जे. जे. रुग्णालयांत औषध म्हणून दिलेल्या ग्लिसरॉलमुळें चौदा रोगी दगावले. त्या ग्लिसरॉलमध्यें डायएथिलीन ग्लायकॉल हें विषारी औद्योगिक द्रव्य मिसळलेलें होतें. ज्या नर्सांनीं तें पाजलें त्यांनीं नांव, मात्रा आणि वेळ यांपैकीं कांहींच चुकविलें नव्हतें. विष बाटलींतच होतें. न्यायमूर्ति लेंटिन यांच्या आयोगानें चौकशी केली, तेव्हां तिचा रोख खाटेजवळच्या माणसांवरून औषध बनविणारे, विकत घेणारे आणि तपासणारे यांच्याकडे वळला.

आतां दिल्लीच्या एका प्रकरणाकडे वळूं. १९९३ सालच्या डिसेंबरांत एका लहान मुलाला विषमज्वराच्या उपचारासाठीं स्प्रिंग मेडोज नांवाच्या रुग्णालयांत ठेवण्यांत आलें. नर्सनें मुलाच्या वडिलांस लॅरिआगो म्हणजे क्लोरोक्विन या औषधाचें इंजेक्शन आणावयास सांगितलें. त्यांनीं तें विश्वासानें आणून दिलें. नर्सनें तें शिरेंतून टोचतांच मूल आईच्या मांडीवरच कोसळलें आणि त्याचें हृदय बंद पडलें. धडपड करून जीव वांचविला गेला, परंतु मेंदूला झालेली इजा भरून येणारी नव्हती. चौकशींत असें दिसून आलें कीं, त्या नर्सची कोणत्याही परिचर्या परिषदेकडे नोंदणी नव्हती, आणि जें इंजेक्शन निवासी डॉक्टरानें स्वतः द्यावयाचें तें त्यानें तिच्यावर सोंपविलें होतें. राष्ट्रीय आयोगानें मुलासाठीं साडेबारा लाख व आईबापांच्या मनस्तापासाठीं पांच लाख रुपये रुग्णालयानें द्यावेत, असा आदेश दिला. १९९८ सालच्या मार्चमध्यें सर्वोच्च न्यायालयानें तो कायम केला.

या निकालांत आपणांस शिकण्यासारखें पुष्कळ आहे. नर्सची चूक होतीच. ती कोणी नाकारीत नाहीं. पण तिला त्या जागीं कोणी उभें केलें? तिची पात्रता कोणी तपासली नाहीं? तिच्यावर देखरेख ठेवावयाचा तो कोठें होता? मुलाचें गणित चुकलें म्हणजे मास्तर केवळ उत्तर खोडून थांबत नाहीं, चूक कोणत्या पायरीवर झाली तें शोधतो. नाहींतर तीच चूक उद्यां पुन्हां होते. न्यायालयानें येथें तेंच केलें. संस्थेच्या वतीनें काम करणाराच्या निष्काळजीपणाचा भार संस्थेनें सोसला पाहिजे, हें तत्त्व त्यानें लागू केलें. सरकारी रुग्णालयही याला अपवाद नाहीं. तेव्हांच्या औरंगाबादच्या सरकारी इस्पितळांत १९६३ सालीं शस्त्रक्रियेच्या वेळीं एका बाईच्या पोटांत टॉवेल राहून गेला व ती दगावली. त्यासाठीं महाराष्ट्र सरकार जबाबदार आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें १९९६ सालीं दिला. तेहेतीस वर्षें लागलीं, ही गोष्ट मात्र विसरतां येत नाहीं.

कायद्याजवळ या कामासाठीं दोन तराजू आहेत. पहिला नुकसानभरपाईचा. रोग्यावर उपचार पत्करावयाचा कीं नाहीं, कोणता उपचार करावयाचा, आणि तो कसा करावयाचा, या तिन्ही बाबतींत वाजवी काळजी घेणें हें डॉक्टरचें कर्तव्य आहे, असें सर्वोच्च न्यायालयानें १९६८ सालीं पुण्याच्या एका प्रकरणांत सांगितलें. त्या प्रकरणांत १९५३ सालीं मांडीचें हाड मोडलेल्या एका तरुणाला पुरती भूल न देतां, केवळ मॉर्फियाच्या इंजेक्शनावर भागवून, हाड ओढून बसविण्यांत आलें आणि त्या धक्क्यानें तो मरण पावला, असें न्यायालयांना आढळलें. भरपाई तीन हजार रुपयांची झाली. पुढें १९८६ चा ग्राहक संरक्षण कायदा आला, आणि १३ नोव्हेंबर १९९५ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें मोबदला घेऊन केलेली वैद्यकीय सेवा त्या कायद्याखालीं येते, असा निर्णय दिला. आज त्याची जागा २०१९ च्या कायद्यानें घेतली आहे. जेथें सर्वांनाच फुकट उपचार मिळतात तें रुग्णालय या कायद्याखालीं येत नाहीं. परंतु त्याच्याविरुद्ध दिवाणी न्यायालयाचा मार्ग मोकळा आहे.

दुसरा तराजू फौजदारीचा, म्हणजे तुरुंगाचा. त्याचें माप पहिल्याहून फार कडक आहे. १९९५ सालीं लुधियाना येथें श्वास कोंडलेल्या एका वृद्ध रोग्याला प्राणवायूचें नळकांडें लावलें, तों तें रिकामें निघालें. दुसरें येईपर्यंत रोगी गेला. डॉक्टरांवर खटला झाला. २००५ सालीं जेकब मॅथ्यू प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयानें तो रद्द केला. साधा निष्काळजीपणा भरपाईस पुरेसा असला तरी शिक्षेस पुरेसा नाहीं. शिक्षेसाठीं तो घोर स्वरूपाचाच असला पाहिजे, असें न्यायालयानें ठरविलें. दुसऱ्या तज्ज्ञाचें मत घेतल्यावांचून डॉक्टरवर फौजदारी चालवूं नये आणि केवळ आरोप झाला म्हणून त्याला अटक करूं नये, असेंही त्यानें सांगितलें. नळकांडें भरलेलें ठेवणें हें रुग्णालयाचें काम होतें; त्याची भरपाई रुग्णालयाकडे मागतां येईल, पण त्यासाठीं खाटेजवळच्या डॉक्टरला तुरुंगांत घालतां येणार नाहीं.

दोन्ही तराजू एकाच प्रकरणांत पाहावयाचे असतील तर कलकत्त्याचें उदाहरण आहे. १९९८ सालीं अमेरिकेहून माहेरच्या देशीं आलेल्या एका तरुण स्त्रीच्या अंगावर पुरळ उठलें. तिला डेपो-मेड्रॉल नांवाचें स्टेरॉइड ८० मिलिग्रॅम दिवसांतून दोनदां टोचण्यांत आलें. हें औषध शरीरांत दीर्घकाळ टिकणारें, म्हणून तें बऱ्याच दिवसांच्या अंतरानें द्यावयाचें असतें. तिची त्वचा सोलून निघूं लागली, आणि शेवटीं मुंबईस तिचा अंत झाला. २००९ सालीं सर्वोच्च न्यायालयानें संबंधित डॉक्टर व रुग्णालय यांना निष्काळजीपणाबद्दल भरपाईस जबाबदार धरलें, परंतु फौजदारी आरोपांतून डॉक्टरांना मुक्त केलें. २०१३ सालीं भरपाईची रक्कम ठरली ती व्याज सोडून सुमारें सहा कोटी रुपये.

यावर कोणी म्हणेल, माणूस गेल्यावर पैसे घेऊन काय करावयाचें? ज्याच्या हातून माणूस मेलें त्याला शिक्षा नको काय? ज्याचें माणूस गेलें आहे त्याच्या तोंडीं हा प्रश्न येणें अगदीं स्वाभाविक आहे, आणि त्याला मी क्षुल्लक म्हणत नाहीं. जेथें बेपर्वाई घोर आहे, किंवा जेथें कागदपत्रांत फेरफार करून चूक दडविली आहे, तेथें शिक्षा झालीच पाहिजे. परंतु प्रत्येक चुकीला तुरुंग हें उत्तर ठरविलें, तर काय होतें? २०१७ च्या डिसेंबरांत अमेरिकेंतील टेनेसी राज्यांत एका नर्सनें मन शांत करणाऱ्या औषधाऐवजीं स्नायू लुळे पाडणारें औषध यंत्राच्या कपाटांतून काढून एका वृद्धेला दिलें. दोन्ही नांवांचा आरंभ त्याच दोन अक्षरांनीं होत होता. टोपणावर इशारा छापलेला होता, तो तिनें पाहिला नाहीं. वृद्धा मरण पावली. चूक लक्षांत येतांच नर्सनें ती स्वतः कबूल केली होती. तरी २०२२ सालीं तिला फौजदारी निष्काळजीपणानें मृत्यु घडविल्याबद्दल दोषी ठरवून तीन वर्षें देखरेखीखालीं ठेवण्याची शिक्षा झाली. तेथील नर्सांच्या संघटनांनीं तेव्हां इशारा दिला कीं, यापुढें चूक झाली तर लोक ती सांगण्याऐवजीं लपवितील. हें भय निराधार नाहीं. लपविलेल्या चुकीवर त्या रोग्याला वेळेवर उतारा मिळत नाहीं, आणि पुढच्या रोग्याला सावधगिरीही मिळत नाहीं.

आपल्या नव्या कायद्यांतील एक गोष्ट या संदर्भांत लक्षांत घेण्याजोगी आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्या १०६ व्या कलमान्वयें निष्काळजीपणानें मृत्यु घडविणाराला पांच वर्षांपर्यंत कैद होऊं शकते; पण वैद्यकीय उपचार करीत असतां नोंदणीकृत डॉक्टरच्या हातून तसें घडलें, तर कैदेची मर्यादा दोन वर्षांची आहे. ही मर्यादा वैद्यकाच्या नोंदवहींत नांव असलेल्यांनाच लागू आहे; नर्स तींत येत नाहीं. म्हणजे लिहिणाराला दोन वर्षें आणि टोचणारीला पांच, असा प्रसंग येऊं शकतो. ज्या हाताला अधिकार सर्वांत कमी, झोंप सर्वांत कमी आणि वेतनही कमी, त्याच्यावरच बडगा अधिक जड पडावा, हें मला न्याय्य वाटत नाहीं. मोठ्या संस्थेनें एका नर्सला कामावरून काढून हात झटकले, तर चोर सोडून संन्याशाला सुळीं देण्याचाच तो प्रकार होईल. एका नर्सकडे किती रोगी असावेत, सारख्या दिसणाऱ्या कुप्या शेजारीं शेजारीं ठेवाव्यात काय, धोक्याचें औषध दोघांनीं मिळून तपासावें कीं नाहीं, हें ठरविण्याचें सामर्थ्य ज्यांच्या हातीं आहे, जबाबही प्रथम त्यांनींच दिला पाहिजे.

आतां आपल्यासारख्यांनीं काय करावें, तें थोडक्यांत सांगतों. रोगी घेत असलेल्या सर्व औषधांची आणि त्याला न सोसणाऱ्या औषधांची यादी लिहून ती दाखल होतांनाच डॉक्टरच्या हातीं द्यावी. प्रत्येक नव्या औषधाच्या वेळीं नम्रपणें विचारावें: हें कोणाचें, कोणतें, किती, कोणत्या मार्गानें आणि कोणत्या वेळीं? चांगल्या नर्सला या प्रश्नांचा राग येत नाहीं; तिला स्वतःलाही हेच पांच प्रश्न विचारावयास शिकविलेलें असतें. बाहेरून आणवलेल्या औषधाचें बिल आणि चिठ्ठी जपून ठेवावी. संशय आला तर रिकामी कुपी फेंकूं देऊं नये, आणि कोणतें औषध किती वाजतां दिलें तें त्याच दिवशीं लिहून ठेवावें.

अनर्थ घडलाच, तर केसपेपरांच्या नकला लेखी अर्ज करून मागाव्यात. अर्ज आल्यापासून ७२ तासांत त्या देण्याचें बंधन २००२ सालच्या वैद्यकीय नियमांनीं घातलें आहे. मृत्यूचें कारण संशयास्पद असेल, तर शवचिकित्सेस नकार देऊं नये. दुःखाच्या भरांत तो दिला जातो आणि पुढें पुरावा उरत नाहीं. ग्राहक आयोगाकडे तक्रार दोन वर्षांच्या आंत करावी लागते. प्रत्येक प्रकरणांत तज्ज्ञाची साक्ष लागतेच असें नाहीं, हें सर्वोच्च न्यायालयानें २०१० सालीं सांगितलें आहे. जेथें चूक उघड दिसते तेथें ती स्वतःच बोलते. डॉक्टरच्या वर्तनाविषयीं महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडेही दाद मागतां येते. मात्र संतापाच्या भरांत रुग्णालयाच्या कांचा फोडणें किंवा नर्सवर हात उगारणें हा मार्ग नव्हे. २०१० सालच्या महाराष्ट्राच्या कायद्यानें त्याला तीन वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे. आणि शिक्षेची गोष्ट सोडली तरी, फुटलेल्या कपाटाबरोबर आपल्याच बाजूचा पुरावाही नष्ट होतो.

रुग्णालयांच्या चालकांनाही शेवटीं एक विनंति करावीशी वाटते. चूक झाली तर ती रोग्याच्या माणसांना त्याच दिवशीं, स्पष्ट शब्दांत सांगा. पुष्कळ कुटुंबें न्यायालयांत जातात तीं पैशासाठीं नव्हे, तर काय घडलें तें कोणी सांगत नाहीं म्हणून. दिल्लीच्या त्या वडिलांनीं नर्सनें सांगितलेलें औषध मुकाट्यानें आणून दिलें. एक प्रश्न विचारण्याचा आपला अधिकार आहे, हें त्यांना तोंवर कोणी सांगितलें नव्हतें. तो अधिकार आपणांस आहे. इतकें सांगून मी आपली रजा घेतों.